माजी सैनिकांच्या घरातली साखर: औषध मिळतं, मधले दिवस कोण सांभाळणार?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात खाडीलगतच्या गावात आमचं औषधांचं दुकान आहे. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले, सासरेही फौजेतलेच. आमच्या पंचक्रोशीत वाडी तिथे फौजी घर, आणि हल्ली त्यातल्या बऱ्याच घरांतून साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी माझ्या काउंटरवर येते. कधी त्यांची, कधी घरवालीची, कधी दोघांची.

साखर कशाने होते यावर पुष्कळ लिहून झालंय. मला बोलायचंय ते निदान झाल्यानंतरच्या दिवसांबद्दल. पेन्शनवर आलेल्या फौजीला १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. कार्ड आहे, पॉलिक्लिनिक म्हणजे योजनेचा दवाखाना आहे, तिथून पुढे पॅनेलवरच्या (योजनेशी जोडलेल्या) हॉस्पिटलात रेफरल मिळतं, औषधाला खिशातून पैसे जात नाहीत. गावातल्या इतर कोणाला एवढा आधार नाही. तरीही आमच्याकडे पाय कापायची वेळ आलेली, डोळे गेलेले, डायलिसिसवर गेलेले फौजी आहेतच. हे का होतं, ते दुकानात उभं राहिलं की रोज दिसतं.

औषधं साधारण महिन्याची मिळतात. ती आणायला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे पहाटे उठून तवसाळला, तिथून फेरीबोटीने जयगड, पुढे एसटी. पावसाळ्यात बोट बंद, नाहीतर घरात भाताची लावणी. मग महिन्याच्या गोळ्या सव्वा महिना पुरवल्या जातात, दोनच्या जागी एक. एक आजोबा येऊन सांगतात, "चार गोळ्यांपुरता पत्ता कापून दे, सोमवारी जायचंच आहे." कात्रीने पत्ता कापला की नाव एका तुकड्यावर आणि मुदत दुसऱ्यावर जाते. आजोबांच्या खिशात असे तीन-चार तुकडे असतात, कुठल्याच तुकड्यावर पूर्ण नाव नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट. दर वेळी एकाच कंपनीचं औषध मिळतं असं नाही. मागच्या महिन्यात पांढरी गोळी होती, या महिन्यात गुलाबी. आतलं औषध तेच, साखर उतरवणारं ग्लिमेपिराइड. माणसाला वाटतं डॉक्टरांनी नवीन गोळी वाढवली. घरात पांढऱ्या आठ उरलेल्या असतात, त्या वाया कशाला घालवायच्या म्हणून पांढरी सकाळी आणि गुलाबीही सकाळी. अशा दोन माणसांना घाम फुटून घेरी आलेली मी स्वतः पाहिली आहे.

तर जे फौजी आहेत, फौजींच्या घरातले आहेत, डॉक्टर आहेत, त्यांनी लिहावं. पॉलिक्लिनिकच्या दोन खेपांच्या मधले दिवस तुम्ही कसे सांभाळता?

सुभेदार_दापोली

ताई, विषय काढलात ते फार बरं केलंत. मी पायदळात होतो. आमच्यात साखर का वाढते याचं एक कारण आमच्या नोकरीतच आहे, ते आधी सांगतो.

साधा शिपाई सतरा-अठरा वर्षं करून चाळिशीच्या आत घरी येतो. तोवर रोज पहाटे पीटी, संध्याकाळी खेळ, शिवाय बीपीईटीची, म्हणजे शारीरिक क्षमतेच्या चाचणीची पाच किलोमीटरची धाव. त्या हिशेबाने लंगरमध्ये पुऱ्या, हलवा, भात हवा तेवढा. घरी आल्यावर भूक फौजेतलीच राहते, धावणं मात्र डिस्चार्जच्या दिवशी थांबतं. त्यात पुढची नोकरी बहुतेकांची सिक्युरिटीची, रात्रपाळी, मुंबईत खुर्चीवर. पाच-सात वर्षांत पोट सुटतं आणि पन्नाशीला साखर निघते. सडपातळ दिसणाऱ्यालाही निघते, म्हणून "मी कुठे जाडा आहे" या भरवशावर कोणी राहू नये.

आता मधल्या दिवसांचं. आम्हाला रूट मार्चनंतर फूट इन्स्पेक्शन असायची. बूट-मोजे काढून पाय पुढे करायचे, प्लाटून कमांडर तळवा बघणार, बोटांच्या मधे बघणार, फोड लपवला तर ओरडा खायचा. कारण पाय गेला की जवान गेला. मी साखर निघाल्यापासून हेच रोज रात्री घरी करतो. तळवा स्वतःला दिसत नाही, म्हणून दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरतो. घरवाली बॅटरी धरते. एकदा टाचेत जांभ्याची कपची रुतलेली निघाली, रक्त सुकलेलं होतं आणि मला दिवसभर काही कळलं नव्हतं. साखरेने पायाची जाणीव जाते म्हणतात ती अशी.

कोकणात दोन गोष्टी जास्त नडतात. कातळावर आणि देवळात अनवाणी चालणं, आणि लावणीत दिवस-दिवस चिखलात पाय. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, तिथून जंतू आत जातात. साखरवाल्याच्या पायाला ती चीर पुरते. आमच्या वाडीत मी चार जणांना गमबूट घ्यायला लावले. गमबुटात पाय घालण्याआधी तो उलटा करून झटकायचा, विंचू-काट्यासाठी नव्हे तर खड्यासाठी. संध्याकाळी पाय धुवून बेचके कोरडे पुसायचे. तेल बोटांच्या मधे लावायचं नाही, तळव्याला आणि टाचेला लावायचं.

माजघर

सुभेदारसाहेब, आरशाची युक्ती आजच सासऱ्यांना दाखवली. गुडघे दुखतात म्हणून त्यांना पाय वर धरता येत नव्हता, आरसा खाली ठेवल्यावर जमलं.

फिजिशियन_रत्नागिरी

धागा वाचून राहवलं नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत माजी सैनिक बरेच असतात. खाडीकाठच्या ताईंनी लिहिलेला दोन रंगांच्या गोळ्यांचा घोळ मीही पाहतो आणि त्याचे रुग्ण रात्री दाखल होतात.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्या तुम्ही जेवला आहात की नाही हे पाहत नाहीत. गोळी घेतली की साखर उतरणारच. म्हणून संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार असला की आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस ठरवा. फौजींसाठी आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. कॅन्टीनची रम संध्याकाळी रिकाम्या पोटी आणि त्यावर ही गोळी, यात साखर रात्री झोपेत उतरते. दारूमुळे यकृत रक्तात पुरेशी साखर सोडत नाही आणि घरच्यांना वाटतं माणूस पिऊन पडलाय. सत्तरीच्या पुढे, किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर हा धोका दुप्पट धरून चाला.

घाम, थरथर, छातीत धडधड, उगाच चिडचिड, असंबद्ध बोलणं ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. आमच्या भागात असं काही झालं की बाहेरचं लागलं म्हणून गाऱ्हाणं घालायला पळतात. आधी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, सुधारणा नसेल तर पुन्हा पाजा, आणि बरं वाटलं की काहीतरी खायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, गाडी काढा.

दुसरं, तपासण्या. बहुतेक जण उपाशीपोटीच्या साखरेवर समाधान मानतात. दोन दिवस भात सोडला की ती तपासणी बरी दिसते. एचबीएवनसी मागच्या साधारण तीन महिन्यांचा हिशेब देते, ती तशी फसत नाही. (अंगात रक्त कमी असेल तर तीही चुकू शकते, म्हणून हिमोग्लोबिन सोबत बघा.) बहुतेकांसाठी ती ७ टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रयत्न करतो, पण ऐंशीच्या आजोबांना ७ च्या मागे लावून गोळ्या वाढवत नाही, त्यांना ८ च्या आसपास चालतं. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, आणि पायाची जाणीव तपासायची. पायाला दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा टेकवून बघतात, पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. कार्डावर हे सगळं होऊ शकतं, फक्त मागायला हवं.

आणि ही काही फक्त शहरातली व्याधी नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर-इंडियाब) पाहणीत देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं आणि आपल्या शेजारच्या गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे देशात सगळ्यांत जास्त. तोच समुद्र, तोच भात, तेच मासे खाणारी आपण माणसं आहोत.

वेंगुर्लेकार

वेंगुर्ल्यासून लिवतंय. माझो बापूस फौजेत होतो. तो असताना त्याची साखर, त्याचा कार्ड, त्याच्या गोळ्ये, सगळा घर त्याच्याच मागे. आवशीक साखर असा ह्या आमका ती न्हाणीत पडली तेव्हा कळला. कार्डार तिचा नाव पयल्यापासून होता, पण "फौजी ते, माका कित्याक?" म्हणान ती एकदाव पॉलिक्लिनिकात गेली नाय. सगळ्यांका सांगणा इतक्याच, फौजीबरोबर घरवालीचीव तपासणी करून घेवा. ती स्वताहून सांगूची नाय.

खाडीकाठची

वेंगुर्लेकार, तुम्ही लिहिलंत ते माझ्या मनातलं होतं. दुकानात मी बघते, फौजीची चिठ्ठी येते, घरवालीची येतच नाही. ती येते ती पाय सुजले म्हणून किंवा अंगावरून जातं आणि खाज सुटते म्हणून मलम मागायला. चाळिशीच्या पुढच्या बाईने सारखं खाजेचं मलम मागितलं की मी आता आधी साखर तपासून या म्हणते. काही जणी रागावतात. पण तपासून आल्यावर त्यातल्या बऱ्याच जणींची वाढलेली निघते.

माहिती म्हणून: पत्नी कार्डावर असतेच, पती गेल्यावर कुटुंब पेन्शन घेणारी पत्नी स्वतः सभासद राहते. वीरपत्नींना आणि १ जानेवारी १९९६ आधी निवृत्त झालेल्यांना वर्गणीची माफी आहे. आईवडीलही उत्पन्नाच्या मर्यादेत असतील तर येतात. ज्यांनी अजून कार्ड केलं नाही त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं, तिथे फॉर्म भरायला मदत करतात.

परळचा_चाकरमानी

माझे वडील देवरुखजवळ एकटे असतात. मागच्या गणपतीत आम्ही सगळे गावी असताना त्यांची साखर एकदम उतरली, बेशुद्ध झाले. जवळ जे हॉस्पिटल होतं तिथे नेलं, ते पॅनेलवर नव्हतं. गडबडीत कार्डाचं कोणाच्या डोक्यात नव्हतं, पण शेजारच्या एका हवालदारांनी आठवण करून दिली. अशी इमर्जन्सी पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात झाली तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं, मग बिलाचा परतावा मागता येतो. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, आणि इमर्जन्सी होती असं डॉक्टरांचं लेखी, एवढं जपून ठेवा. पॉलिक्लिनिकचा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नको, कारण ज्याच्या मोबाइलमध्ये असतो तोच बेशुद्ध असतो.

हर्णैची_आई

हे सगळं मोठ्यांच्या साखरेबद्दल चाललंय, माझं जरा वेगळं आहे. माझे मिस्टर नौदलात आहेत आणि माझ्या मुलीला सातवीत टाइप वन निघाला. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. हे गोड खाऊन होत नाही आणि पथ्याने जात नाही. निदान कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनीत झालं, तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी मला इंजेक्शन द्यायला, डोस मोजायला, रात्री दोनला साखर बघायला शिकवलं. मिस्टर बोटीवर गेले की सगळं माझ्यावर.

गावी आल्यावर जो तो सांगायचा, कडू काढा दे, इन्सुलिनची सवय लागेल. मी हात जोडून लिहिते, टाइप वनच्या मुलाचं इन्सुलिन एक दिवसही बंद करू नका. ताप आहे, उलट्या आहेत, जेवत नाही, तरीही पूर्ण बंद करायचं नाही, उलट त्या दिवसांत साखर जास्त वेळा बघायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. बंद केलं की रक्तात आम्ल साठतं आणि मूल दोन दिवसांत आयसीयूत जातं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही इथेच होतो. माड, पोफळी, विजेचे खांब सगळं आडवं, आणि कित्येक दिवस वीज नाही. फ्रिज म्हणजे नुसतं कपाट झालं. नवीन इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं. तेव्हा मी डबा कापडात गुंडाळून ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवला. वाळवंटातल्या निर्वासितांच्या छावण्यांत असंच करतात आणि ते चालतं असं नंतर वाचलंही. पण आपल्याकडे एक अडचण आहे. मडकं गार होतं ते पाणी उडून जातं म्हणून, आणि कोकणात पावसाळ्यात हवाच ओली, पाणी उडणार कुठे? मे महिन्यात मडक्याचा उपयोग होतो, जुलैत फारसा नाही. जुलैत घरातली सर्वांत गार जागा म्हणजे आमच्या मातीच्या घरातला माळ्याखालचा कोपरा, तिथे थर्मामीटर ठेवून बघितलं आणि मग तिथेच ठेवायला लागले. बर्फाला चिकटवून कधीही ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही आणि दिसायला मात्र चांगलंच दिसतं.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये दुकानंच पाण्याखाली गेली. माझ्या मैत्रिणीच्या भावाचं इन्सुलिन चार दिवस कुठे मिळेना, शेवटी दापोलीहून पाठवलं. त्या दिवसापासून पावसाळ्याच्या आधी महिन्याचा जास्तीचा साठा मी घरात ठेवतेच. पुरात वाहून जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात, फ्रिजमधल्या वरच्या फळीवर.

ज्यांना मुलगा आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. मुलाचं नाव कार्डावर २५ वर्षांपर्यंतच राहतं, मुलीचं लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत. पुढच्या इन्सुलिनच्या खर्चाची तजवीज आधीपासून करायला हवी.

फिजिशियन_रत्नागिरी

हर्णैच्या आई, तुम्ही लिहिलेलं एकेक अक्षर बरोबर आहे. मडक्याचं आणि दमट हवेचं निरीक्षण तर मी माझ्या रुग्णांना तुमचं म्हणून सांगणार आहे. आणखी एक, पेनमधलं किंवा बाटलीतलं पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन गढूळ दिसायला लागलं तर ते वापरू नका.

डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या, लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्या आता स्वस्त झाल्यामुळे बऱ्याच जणांना सुरू असतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्या चांगल्या, पण उलट्या-जुलाब, ताप, कडक उपास किंवा ऑपरेशन असेल तर त्या दिवसांत त्या थांबवायच्या का हे विचारा. मे महिन्यात उन्हात आंब्याच्या बागेत काम करणाऱ्यांनी भरपूर पाणी प्यायचं.

कातळावरचा

माझा भाऊ अजून फौजेत नोकरीत आहे, त्याला साखर निघाली आणि त्याने सहा महिने लपवली, कारण मेडिकल कॅटेगरी (तब्येतीची श्रेणी) खाली येईल आणि प्रमोशन अडकेल. शेवटी पोस्टिंगच्या आधीच्या तपासणीत निघालीच. त्याच्या सोबतच्यांनी काय केलं, कोणी सांगेल का? अपंगत्व पेन्शनमध्ये साखर धरतात का?

सुभेदार_दापोली

लपवण्यात नुकसान दोन्हीकडून. कॅटेगरी खाली येते, पण उपचार सुरू होतात, आणि आजार सेवेत असताना निघाला याची कागदावर नोंद होते. ती नोंदच पुढे उपयोगी पडते. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला असं मानलं, तर अपंगत्व पेन्शनचा प्रश्न येतो. बोर्डाने नाकारलं तर आधी अपील करायचं, पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, त्याचं मुंबईलाही खंडपीठ आहे. धरमवीर सिंह प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि सेवेत निघाला, तर जवानाच्या बाजूने गृहीत धरायचं आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. पण नियम बदलत राहतात आणि प्रत्येकाचं प्रकरण त्याच्या कागदांवर ठरतं. भावाला सांगा, मेडिकल बोर्डाची प्रत आणि प्रत्येक ॲडमिशनचा कागद जपून ठेव, आणि माहीतगार वकिलाला दाखव.

माजघर

जेवणाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. नाचणीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, असं आमच्याकडे सासरे छातीठोकपणे सांगायचे. नाचणी चांगलीच, पण पीठ ते पीठच, चार भाकऱ्यांनी साखर वाढतेच. मी उकड्या तांदळाची पेज एका वाटीवर आणली, त्यात कुळथाची पिठी आणि बांगडा किंवा तारली वाढवली. भात कमी दिला की फौजी माणूस उपाशी राहिला म्हणतो, मासळी आणि भाजी वाढवली की म्हणत नाही. हापूसच्या दिवसांत जेवणानंतर आंबा देत नाही, संध्याकाळी चालून आल्यावर एक फोड देते. आमरस बंद केला. गणपतीत उकडीचे दोन मोदक देते आणि त्या जेवणाला भात वाढत नाही.

देवगडचो_नातू

ताई, माझ्या आजोबांकडे गोळ्यांनी भरलेला बिस्किटाचा डबा आहे. नौदलातून निवृत्त झाल्यापासून साठवलेल्या. काय चालू, काय बंद, त्यांना सांगता येत नाही आणि टाकू देत नाहीत. काय करू?

खाडीकाठची

काहीही टाकू नका आणि आजोबांशी वाद घालू नका. डबा जसाच्या तसा, आणि शेवटच्या तीन भेटींच्या चिठ्ठ्या घेऊन जवळच्या औषधाच्या दुकानात किंवा पॉलिक्लिनिकच्या फार्मासिस्टकडे जा. टेबलावर सगळे पत्ते पसरायला सांगा. कंपनीचं नाव बाजूला ठेवून खाली बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषधाचं नाव वाचायचं आणि सारख्या नावांचे ढीग करायचे. आमच्याकडे असं करताना एकाच औषधाची पाच नावं निघाली होती. मग एका पुठ्ठ्यावर चालू असलेल्या प्रत्येक औषधाची एक गोळी टेपने चिकटवायची, बाजूला मोठ्या अक्षरात मराठीत मूळ नाव, कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर. नवीन महिन्याच्या गोळ्या आल्या की आधी पुठ्ठ्याशी ताडून बघायच्या, रंग बदलला असेल तर पुठ्ठ्यावरची गोळी बदलायची. मुदत संपलेल्या आणि बंद केलेल्या गोळ्या दुकानातच ठेवून या, म्हणजे आजोबांच्या डोळ्यांदेखत टाकाव्या लागणार नाहीत. आमच्या बाजूला कधी आलात तर डबा घेऊन या, मी बसून लावून देईन.